‘डूलॅली’ आणि आपली देवळाली

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डोकं फिरलेल्या माणसाला ब्रिटनमधले लोक ‘डूलॅली’ म्हणतात. हा शब्द नाशिकजवळच्या देवळालीवरून आला, ही माहिती आपल्याकडे अधूनमधून छापून येते. पण ती इतकी त्रोटक असते की वाचणाऱ्याला वाटावं, या गावातच काहीतरी वेड लावणारं आहे. लोक तर पिढ्यान्‌पिढ्या हवापालटासाठी देवळालीला येत आले आहेत.

मूळ प्रयोग दोन शब्दांचा होता, ‘डूलॅली टॅप’. यातला ‘टॅप’ म्हणजे नळ नव्हे. इंग्रजी कोशकार तो ‘तप’ या हिंदुस्थानी शब्दापर्यंत नेतात, म्हणजे आपला तापच! पुढे बोलण्यात ताप गळून पडला, नुसतं गावाचं नाव उरलं आणि सगळा दोष गावाला चिकटला.

देवळालीची लष्करी छावणी १८६१ची. नोकरीची मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत इथे थांबत. या बोटी मुंबईहून साधारण थंडीच्या महिन्यांतच सुटत. हंगामातली शेवटची बोट हुकली, की पुढचा हंगाम येईपर्यंत इथेच मुक्काम. रॉयल वेल्श फ्युझिलियर्समधले शिपाई फ्रँक रिचर्ड्स यांनी १९३६ साली प्रसिद्ध केलेल्या आठवणींत हे दिवस नोंदवले आहेत. हत्यारं काढून घेतलेली, कवायत जवळपास नाही, दिवस सरता सरत नाही. वर्षानुवर्षं चांगली वर्तणूक राखलेले काही शिपाईही इथे गंभीर भानगडींत सापडून तुरुंगात जात, तर काही गुप्तरोग जडून इस्पितळात. एखादा विचित्र वागू लागला, की बाकीचे म्हणत, याला देवळालीचा ताप चढला. त्या पोरांना वेड लावलं ते ताटकळण्यानं. या शब्दावर लिहिताना एवढं तरी सांगायलाच हवं.

आणखी एक कळकळीची विनंती. गोऱ्या शिपायांच्या आठवणी पुस्तकांत आल्या, त्यांची बोली कोशांत गेली. पण त्याच छावणीत धोबी, भिस्ती, खानसामे म्हणून राबलेल्या आपल्या माणसांनी काय पाहिलं? या ताटकळलेल्या शिपायांना ते आपसांत काय म्हणत? देवळाली कॅम्प, भगूर, नाशिक रोड या भागांतल्या जुन्या घरांत अशा गोष्टी आजी-आजोबांकडून ऐकलेले लोक अजून असतील. आपल्या नाशिक आवृत्तीनं त्यांना लिहायचं आवाहन करावं आणि ज्यांना लिहिणं जमत नाही, त्यांच्याकडे वार्ताहर पाठवावा.

आपला,
एक वाचक, नाशिक रोड