सतत रीस्टार्ट होणाऱ्या लॅपटॉपविषयी चिरंजीवास पत्र

खानापूर,
रविवार, सकाळ

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

काल रात्री तू फोनवर सांगितलेस की कंपनीचे नाव दिसते, ठिपके गोल फिरतात, पडदा काळा होतो आणि पुन्हा कंपनीचे नाव येते. मी बॅटरीचे विचारताच तू "बॅटरीचं सोड गं" म्हणून फोन ठेवलास. परीक्षा तोंडावर असताना प्रोजेक्टचा सगळा रिपोर्ट त्या यंत्रात अडकला, तर माणूस चिडणारच, म्हणून मी ते मनावर घेतलेले नाही. फोनवर सांगितलेल्या पायऱ्या डोक्यात राहत नाहीत, म्हणून सगळे लिहून काढले आहे. अक्का याचा फोटो तुला पाठवील. बॅटरीचे एकदाच लिहिते, म्हणजे पुढे काढायला नको.

दिवाळीत तू आला होतास तेव्हा टचपॅडची डावी कड वर आलेली मी पाहिली होती. त्या बाजूला क्लिक होत नव्हते आणि झाकण मिटल्यावर एका अंगाला पोस्टकार्ड सरकेल एवढी फट राहत होती. लिथियमची बॅटरी जुनी झाली की आत वायू तयार होतो आणि तिची पिशवी फुगते. अशी बॅटरी दाबली गेली किंवा तिला टोचले गेले, तर ती पेट घेऊ शकते. लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवून पाहा. तो डुगडुगत असेल, तर पुढचे काहीही करू नकोस. चार्जर लावू नकोस, यंत्र सुरूही करू नकोस. जाणत्या माणसाकडून बॅटरी काढून घे आणि त्याच्याकडेच दे, कचऱ्यात टाकू नकोस. आपल्यासारखे बहुतेक लॅपटॉप बॅटरी काढल्यावर नुसत्या चार्जरवरही चालतात. टेबलावर तो सपाट बसत असेल, तरच पुढचे वाच.

आधी त्याला जोडलेले सगळे काढ : माऊस, पेन ड्राइव्ह, मेमरी कार्ड. चार्जरही काढ आणि पॉवरचे बटण तीस सेकंद दाबून धर, म्हणजे आत उरलेला विद्युतभार निघून जाईल. मग चार्जर भिंतीवरच्या सॉकेटमध्ये लाव. तुमच्या खोलीतल्या ज्या एक्स्टेन्शन बोर्डावर पाणी तापवायची किटली लागते, त्याला लावू नकोस. लॅपटॉपचा चार्जर १०० ते २४० व्होल्टपर्यंत चालतो, त्यामुळे दाब थोडा कमी झाल्याने काही बिघडत नाही, पण ढिल्या पिनेने वीज तुटत राहिली तर बिघडते.

आता मुख्य प्रश्न. बिघाड यंत्रात आहे की विंडोजमध्ये, हे आधी ठरव. माझ्या कॉम्प्युटर क्लासमध्ये असे यंत्र आले की मी प्रथम हेच पाहते, कारण हे ठरवल्याशिवाय फॉरमॅट मारणारे लोक पैसे घेतात आणि यंत्र चौथ्या दिवशी परत येते. सुरू करताच एफ २ दाबत राहा, म्हणजे बायोसचा, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या यंत्राच्या स्वतःच्या सेटिंगचा, पडदा येईल. तिथे काही न बदलता वीस मिनिटे तसेच सोडून दे. तिथेही यंत्र आपोआप बंद होऊन सुरू झाले, तर विंडोजचा दोष नाही : उष्णता, रॅम किंवा वीजपुरवठा यांपैकी काहीतरी आहे. पंखा धुळीने भरला असेल, तर प्रोसेसर तापून यंत्र स्वतःला बंद करते. रॅमसाठी आपल्या लॅपटॉपच्या तळाशी एका स्क्रूचे लहान झाकण आहे. चार्जर काढून, बटण दाबून धरून, मगच ते उघड. रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी दात खोडरबराने हलकेच पूस आणि टक् आवाज येईपर्यंत पुन्हा बसव. जुनी बॅटरीही असेच करायला लावते, म्हणून ती बाजूला काढून नुसत्या चार्जरवर पाहणे मला अधिक योग्य वाटते. पुन्हा तिच्यावरच आले. राहू दे.

बायोसमध्ये वीस मिनिटे शांत राहिले, तर विंडोज किंवा हार्ड डिस्क पाहायची. ठिपके फिरू लागले की पॉवर दाबून बंद कर. लागोपाठ तीनदा असे झाले की दुरुस्तीची निळी स्क्रीन आपोआप येते. तिथे ट्रबलशूट, मग ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, मग स्टार्टअप सेटिंग्ज घेऊन रीस्टार्ट कर आणि यादी आली की ९ दाब. यंत्र चूक दाखवायच्या आधीच स्वतःला पुन्हा सुरू करते, म्हणून आपल्याला नुसते चक्र दिसते. ९ दाबल्याने ते चक्र थांबते आणि झालेल्या चुकीचे (एररचे) नाव पडद्यावर टिकून राहते. ते अक्षरशः जसेच्या तसे लिहून मला पाठव. पुढच्या खेपेला ४ दाबून सेफ मोड, म्हणजे अगदी गरजेपुरत्या गोष्टींवर चालणारे विंडोज, येतो का, तेही पाहा. सेफ मोड चालला, तर यंत्र बहुधा धडधाकट आहे आणि नंतर घातलेले काहीतरी नडते आहे, असे समज. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार (सपोर्ट) संपला आणि आपला प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नाही. कुणा मित्राच्या पेन ड्राइव्हवरून तू ते जबरीने घातले आहेस का? घातले असशील तर सांग. मी रागावणार नाही, पण मला कळले पाहिजे.

काही दुरुस्त करण्यापूर्वी रिपोर्ट बाहेर काढ. त्याच निळ्या स्क्रीनवर कमांड प्रॉम्प्ट उघडून 'नोटपॅड' टाइप कर. त्यातल्या फाइल, ओपन या खिडकीत 'सर्व फाइल्स' निवडले की तुझे फोल्डर दिसतील, तिथूनच कॉपी करून पेन ड्राइव्हवर पेस्ट होते. सी ड्राइव्हचे नाव तिथे डी असे दिसले, तर घाबरू नकोस. फाइल हाती आल्यावरच शेवटचे अपडेट काढणे, सिस्टिम रिस्टोअर (विंडोज आधीच्या स्थितीवर नेणे) आणि सर्वांत शेवटी रीसेट, या क्रमाने जा. रीसेटमध्ये 'माझ्या फाइल्स ठेवा' निवडले तरी घातलेले सगळे प्रोग्राम जातात. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर चेकडिस्क हा डिस्क तपासणारा प्रोग्राम मुळीच चालवू नकोस, कारण मरू घातलेली डिस्क त्या तपासणीनेच बसते. आवाज नसेल, तर चालव, पण पाचशे जीबीची डिस्क पूर्ण तपासायला काही तास लागतात, आणि तेवढा वेळ चार्जर लावलेला असणार. म्हणून ते दिवसा, जागेपणी कर. गादीवर ठेवून, चार्जर लावून झोपी जाण्याची तुझी सवय मला माहीत आहे.

पाहा, सांगायचे नाही म्हणून ठरवले होते. तू एकवीस वर्षांचा आहेस, यंत्रशास्त्र शिकतोस, आणि मी तुला आठवीतल्या मुलासारखे धाकात घेते आहे. तेवढे मनावर घेऊ नकोस. पण एका फाइलची दुसरी प्रत दुसऱ्या जागी ठेवायची, हे क्लासमधल्या पोरांना मी जितक्या वेळा सांगते तितकेच घरच्या पोरालाही सांगितले पाहिजे.

अक्काने बीसीएला असताना हाच लॅपटॉप वापरला, हे तू विसरला नाहीस ना? २०२० च्या पावसाळ्यात शाळेचे तास ऑनलाइन होते आणि घरी नेटवर्क मिळेना, म्हणून आप्पा तुला मामांच्या माळावर घेऊन जायचे. तू मांडीवर लॅपटॉप घेऊन बसायचास आणि आप्पा तासभर त्यावर छत्री धरून उभे राहायचे. त्यांचा खांदा भिजत असे, पण यंत्रावर थेंब पडू देत नसत. पुढच्या वर्षी कोरोनामुळे आपल्या कर्नाटकात दहावीची परीक्षा नुसत्या पर्यायी प्रश्नांवर दोन दिवसांतच उरकली, तेव्हा "एवढा अभ्यास केला आणि नुसत्या टिचक्या मारायच्या" म्हणून तू जेवला नव्हतास. मराठी शाळेतून थेट इंग्रजीत विज्ञान घेऊन, कन्नड पेपरही काढून, तू त्या यंत्रावर इथवर आलास. नवा घेऊ या म्हटले की तू आप्पांच्या गुडघ्याचा खर्च पुढे करतोस. तुझा हा समजूतदारपणा मला फार मोठा वाटतो आणि त्याची भीतीही वाटते, कारण न मागणारा मुलगा फुगलेल्या बॅटरीवरही दिवस काढेल.

नवीन लॅपटॉपसाठी माझी भिशी मार्चमध्ये लागते, त्यावर चर्चा नको. तोवर अक्काचा ऑफिसमधून सुटलेला लॅपटॉप आप्पा मंगळवारी सकाळच्या गाडीने लोंढ्यावरून हुबळीला घेऊन येतील. त्यांची डॉक्टरची वेळ बारानंतर आहे. स्टेशनवर तूच जा, त्यांना जिना चढायला लावू नकोस. पेन ड्राइव्ह पिशवीच्या आतल्या कप्प्यात ठेवला आहे आणि त्यावर बूट होणारे, म्हणजे विंडोजऐवजी थेट पेन ड्राइव्हवरून सुरू होणारे, लिनक्स घातले आहे. विंडोज उघडलेच नाही, तरी त्यावरून फाइल निघतील.

तुझी,
आई