कार्टमधून उतरताय? मग आधी बॅग उपसा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या क्रीडा पानावर गोल्फचं जे काही येतं ते बहुतेक कोण किती अंडर (ठरलेल्या फटक्यांपेक्षा कमी फटक्यांत) खेळलं एवढंच असतं, म्हणून म्हटलं आमच्यासारख्या सुट्टीच्या दिवशी खेळणाऱ्यांचं एक दुखणं कळवावं, आणि दुखणं म्हणजे अक्षरशः दुखणं, टाचेचं आणि पोटरीचं. हल्ली बरेच जण गोल्फ कार्ट (मैदानावर फिरायची छोटी गाडी) सोडून पायी राऊंड, म्हणजे १८ होलचा पूर्ण खेळ, खेळायचं म्हणतायत, कुणाला डॉक्टरने सांगितलंय, कुणाचं पोट सुटलंय, कुणाची नुसतीच हौस, विचार चांगलाच आहे, पण तयारी काय केली विचारलं तर म्हणतात त्यात कसली तयारी, रोज सकाळी चालतो की.

मीही हेच म्हणालो होतो. रोज पाऊण तास सपाट रस्त्यावर झपझप चालणं, दम लागत नाही, त्यामुळे १८ होल म्हणजे काय मोठंसं असं वाटलं आणि बॅग खांद्याला लावून निघालो. पहिले नऊ होल मजेत गेले. १४व्या होलच्या टीवर (पहिला फटका मारायच्या जागी) ड्रायव्हर, म्हणजे लांब फटक्याचा क्लब (काठी), मारला तर तो बॉलच्या डोक्यावरून घासला आणि बॉल तीसेक यार्ड लोळत गेला, म्हटलं घाई झाली असेल. १५व्यावर पुन्हा तेच. तेव्हा बरोबरचा म्हणाला, अरे तुझे गुडघे वाकतच नाहीयेत, तू नुसत्या हातांनी मारतोयस. खरंच होतं, दम अजिबात लागला नव्हता पण पाय कधीच संपले होते. १६व्याच्या कडेला बसून बूट काढला तर मोज्याला टाचेपाशी नाण्याएवढा ओला डाग, फोड येऊन फुटलेला पण होता आणि मला पत्ता नाही.

तर सांगायचं हे की पायी खेळायची तयारी दमाची नसते, ती शेवटच्या चार होलची असते, आणि ती घरीच सुरू होते.

आधी अंतराचा हिशोब बघा. स्कोअरकार्डवर कोर्स ६,००० ते ७,००० यार्ड लिहिलेला असतो, म्हणजे साडेपाच ते साडेसहा किलोमीटर, पण ते अंतर टीपासून ग्रीनपर्यंत (जिथे भोक असतं तो आखूड गवताचा भाग) होलच्या मधल्या रेषेचं, आणि आपला बॉल काय मधल्या रेषेत जातो थोडाच! डावीकडच्या झाडीत, उजवीकडच्या बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात), मग ग्रीनवरून पुढच्या टीपर्यंतची पायपीट वेगळी, सगळं धरून ८-१० किलोमीटर आरामात होतात. त्यात ४ तासांच्या वर वेळ, आणि सगळं सलग चालणं नाही, दीडशे पावलं चाला, थांबा, वाका, मारा, परत चाला. सकाळच्या सपाट चालण्याने या थांबत-थांबत चालण्याची सवय होत नाही.

आता बॅग. त्या राऊंडनंतर मी घरी सगळी बॅग जमिनीवर उपसली. १८ बॉल निघाले, एक बॉल नियमाने जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅमचा, म्हणजे पाऊण किलोच्या वर नुसते बॉलच. ३ जुने ग्लोव्हज, त्यातला एक वाळून पापडासारखा कडक झालेला, छत्री, रेनकोट, मूठभर मोडक्या टी (बॉल ठेवायच्या खुंट्या), गेल्या मोसमातली स्कोअरकार्डं, आणि कप्प्याच्या तळाशी चक्क एक दगड, तो कसा आला देव जाणे. क्लब १४ पर्यंत चालतात म्हणून १४ भरलेले, पण नियमात १४ ही कमाल मर्यादा आहे, सक्ती नाही! मी ९ ठेवले: ड्रायव्हर, एक हायब्रिड, एकाआड एक आयर्न, दोन वेज, पटर. बॉल ६. बॅगही बदलली, कार्टवर बांधायची जाडजूड बॅग खांद्यावर घ्यायचीच नाही, दोन पट्ट्यांची हलकी स्टँड बॅग घ्यायची, म्हणजे भार दोन्ही खांद्यांवर येतो. पाण्यात मात्र काटकसर नको, लिटरभर पाण्याचं वजन किलोभर होतं तरी ते घ्याच.

मग पाय. नवे बूट घालून पहिलाच राऊंड पायी खेळायचा नाही, दोन आठवडे घरात, जिन्यावर, गवतावर घालून रुळवायचे. पायाची नखं आदल्या दिवशी नाही, तीन-चार दिवस आधी कापा, उतारावर पाय बुटात पुढे सरकतो आणि अंगठा टोकाला आपटतो, नख निळं पडतं. चढाला सगळे घाबरतात पण मांड्या उतारानेच दुखतात, कारण प्रत्येक पावलाला त्या ब्रेक लावत असतात. म्हणून सरावात जिने चढण्याइतकंच उतरणं पण हवं. मी ६ आठवडे काढले: आठवड्यातून तीनदा चालणं, सुरुवातीला अर्धा तास, मग वाढवत वाढवत दोन तास, शक्यतो गवतावर आणि चढउतारावर, तिसऱ्या आठवड्यापासून खांद्यावर तीच ९ क्लबची बॅग. शेजारी विचारायचे, कोर्स इकडे कुठे आला? हसू दे. पायरीवर उभं राहून टाचा वर-खाली करणं रोज २०-२५ वेळा, याने पोटऱ्या फार सुधारल्या. कोर्सवर आधी ९ होलच पायी, पुढच्या वेळी ९ पायी आणि ९ कार्टमध्ये, मग १८. हृदयाचा किंवा गुडघ्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टरला विचारा, हे मी सांगायला नको.

खांद्यावर नको असेल तर पुश ट्रॉली घ्या, त्यात कमीपणा काही नाही. २००८च्या सुमारास अमेरिकेत एक प्रयोग झाला होता, खेळाडू मोजकेच होते, पण त्यात ९ होलला बॅग खांद्यावर घेणाऱ्यांच्या आणि ट्रॉली ढकलणाऱ्यांच्या कॅलरी जवळजवळ सारख्याच, ७२०च्या आसपास गेल्या, कार्टमध्ये बसणाऱ्यांच्या ४१०च्या आसपास, आणि स्कोअर सगळ्यात चांगला ट्रॉलीवाल्यांचा. फक्त ट्रॉली ढकलायची, एका हाताने मागे ओढत न्यायची नाही, खांदा आणि कंबर पिळवटते.

आता तक्रार. बऱ्याच ठिकाणी गर्दीच्या वेळी कार्ट सक्तीची करतात, कारण काय तर चालणारे हळू. हे मला पटत नाही. एका कार्टमध्ये दोघं, एकाचा बॉल डावीकडे एकाचा उजवीकडे, आधी याच्याकडे जा मग त्याच्याकडे, आणि कार्ट तिच्या ठरलेल्या रस्त्यावरच ठेवायची असेल तर माणूस फेअरवे (टी आणि ग्रीनमधला गवताचा पट्टा) ओलांडून बॉलपाशी जातो आणि कळतं की हातात क्लबच चुकीचा आहे, परत मागे. चालणारा सरळ आपल्या बॉलकडे जातो. वेळ जातो तो बॉल शोधण्यात आणि पटवर (ग्रीनवरच्या हलक्या फटक्यावर) पाच मिनिटं पुतळ्यासारखं उभं राहण्यात. २०१९पासून शोधायला ५ ऐवजी ३ मिनिटंच मिळतात आणि फटक्याला ४० सेकंदांची शिफारस आहे, तेवढं पाळलं तरी पुरे. आणि चालणाऱ्याने बॅग नेहमी ग्रीनच्या त्या बाजूला ठेवावी जिकडे पुढची टी आहे, प्रत्येक होलला तीस-चाळीस पावलं वाचतात.

कार्टवाल्यांना नावं ठेवायची नाहीत हं. पायाच्या आजारामुळे चालणं अवघड असलेल्या केसी मार्टिन या व्यावसायिक गोल्फपटूला स्पर्धेत कार्ट वापरू द्यावी म्हणून अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली ७ विरुद्ध २ मतांनी निकाल दिला, आणि तो मला योग्यच वाटतो. ज्याला गरज त्याने बसावं, माझं म्हणणं ज्याला चालायचंय त्याला चालू द्या एवढंच.

कोर्स आखणाऱ्यांनीही थोडा विचार करावा. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवर ७ डबल ग्रीन (दोन होलना मिळून एक) आहेत, आणि एक ग्रीन संपलं की पुढची टी हाकेच्या अंतरावर असते. अमेरिकेत ओरेगॉनमधलं बँडन ड्यून्स हे गोल्फ रिसॉर्ट १९९९ साली उघडलं तेच पायी खेळण्यासाठी. नवे बरेच कोर्स मात्र कार्ट धरूनच आखलेले, ग्रीनवरून टीकडे जायला मध्ये रस्ता, घरं, एखादा चढ. ते आता बदलता येणार नाही, पण स्कोअरकार्डवर ग्रीनपासून पुढच्या टीचं अंतर आणि पाण्याची सोय कोणत्या होलला आहे हे दोन आकडे छापायला काय हरकत आहे? कोणी व्यवस्थापक हे पत्र वाचत असेल तर कृपया एवढं करा.

आपला,
एक पायी खेळणारा वाचक

ता.क. मोज्यांचा एक कोरडा जोड बॅगेत ठेवा आणि नवव्या होलनंतर बदला, दगड काढून टाकल्यावर तेवढी जागा होते.