दोन तास द्या, पण ठरलेल्या दिवशी द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी हॉस्पिसमध्ये व्हॉलंटियर म्हणून जाते असं कुणाला सांगितलं की दोनच वाक्यं ऐकू येतात, एक "बापरे, तुम्हाला भीती नाही वाटत?" आणि दुसरं "केवढं पुण्याचं काम करता". लोक मनापासून बोलतात, पण त्यात नेमकं काम काय असतं हे विचारायचं राहूनच जातं आणि ज्यांना यायची इच्छा असते ते "आपल्याला नाही बाई जमणार" म्हणून घरी बसतात. म्हणून हे पत्र.

पहिलं म्हणजे हॉस्पिस ही बिल्डिंगच असायला पाहिजे असं काही नाही. आजार बरा होण्यातला राहिलेला नाही पण माणूस तर आहे ना, मग त्याच्या वेदना, धाप, मळमळ, झोप, मनातली भीती आणि घरच्यांची ओढाताण हे सगळं बघायचं म्हणजे हॉस्पिस, आणि कम्युनिटी हॉस्पिसचं बरंचसं काम पेशंटच्या घरीच चालतं. डॉक्टर, नर्स, सोशल वर्कर येऊन जातात, पण ते गेल्यावर उरलेला दिवस आणि अख्खी रात्र घरचं एकच कुणीतरी काढत असतं. बायको असेल, मुलगी असेल, म्हातारा नवरा असेल. त्या माणसाची झोप झालेली नसते, स्वतःच्या बीपीच्या गोळ्या संपून किती दिवस झाले हेही आठवत नसतं, बँकेतलं काम पडलेलं असतं आणि आंघोळसुद्धा एक कान खोलीकडे ठेवून उरकलेली असते.

माझ्या मते व्हॉलंटियर सगळ्यात आधी या माणसासाठी असतो. आपण दोन तास पेशंटजवळ बसायचं म्हणजे त्या बायकोला किंवा मुलीला दोन तास मोकळे मिळतात. सुरुवातीला ती जातच नाही, दारातून डोकावत राहते, "काही लागलं का" विचारते. विश्वास बसायला वेळ लागतो, आणि तो बसतो फक्त एका गोष्टीने, ठरलेल्या वारी ठरलेल्या वेळी आपण आलो तरच. मग एक दिवस ती आतल्या खोलीत जाऊन चक्क झोपते. मला विचाराल तर तिथे माझं काम झालेलं असतं!

पेशंटजवळ करायचं काय, तर ते तसं साधंच. ओठ, तोंड ओल्या स्पंजने ओलं करायचं, उशी सरकवायची, पेपर वाचून दाखवायचा, मॅच लावली असेल तर सोबत बघायची, आणि त्यांना बोलायचं नसेल तर गप्प बसायचं, हे शेवटचं सगळ्यात अवघड आहे कारण आपल्याला उगाच धीर द्यायची फार घाई असते. औषध द्यायचं नाही, डोस सांगायचा नाही, ट्रेनिंगशिवाय उचलाउचली नाही, फोटो नाही, देवाधर्माचा उपदेश नाही आणि त्या घरातलं एक अक्षर बाहेर सांगायचं नाही.

घरच्यांना सगळ्यात जास्त काय छळत असेल तर जेवण. शेवटच्या दिवसांत भूक आपोआप कमी होते, शरीराला ते अन्न वापरताच येत नाही, बळंच भरवलं तर ठसका लागतो, घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. पण हे घरच्यांच्या गळी उतरत नाही, त्यांना वाटतं आपण उपाशी मारतोय, त्यातून नातेवाईक येऊन "काहीच देत नाही का हो तुम्ही" म्हणून जातात आणि ती बिचारी चमचा घेऊन रडत बसते. नर्स समजावून जाते, पण तेच परत परत, न कंटाळता ऐकायला आणि ऐकवायला कुणीतरी जवळ लागतं. श्वासाचंही तसंच, मध्येच थांबतो, परत सुरू होतो, घशात घरघर होते, ऐकणाऱ्याचा जीव जातो. पण त्या वेळी पेशंट बहुतेक वेळा बेशुद्धीतच असतो, त्याला त्या आवाजाचा त्रास होत असेल असं सहसा मानत नाहीत, कुशीवर वळवलं की पुष्कळदा आवाज कमीही होतो. हे आधी माहीत असलं तर घरचे मध्यरात्री घाबरून पळापळ न करता हात धरून बसू शकतात.

मॉर्फिन या तीव्र वेदनेवरच्या औषधाचंही असंच, ते सुरू झालं की "म्हणजे आता संपलंच ना?" असं अगदी हळू आवाजात विचारतात, आणि डॉक्टरांना विचारत नाहीत, आम्हाला विचारतात. योग्य मात्रेत, हळूहळू वाढवत दिलेलं मॉर्फिन मरण जवळ आणत नाही, वेदना कमी करतं. बद्धकोष्ठ मात्र होतो, म्हणून सोबत रेचक देतात. आपण फक्त तो प्रश्न नर्सपर्यंत पोचवायचा, पण तो पोचवणारं कुणीतरी असलं पाहिजे.

आणि लोक हॉस्पिसकडे येतात फार उशिरा, याचं मला खरंच वाईट वाटतं. आता काहीच उपाय नाही असं झाल्यावर शेवटच्या आठवड्यात फोन करतात. २०१० मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक अभ्यास आला होता, फुफ्फुसाचा पसरलेला कॅन्सर असलेले १५१ पेशंट, त्यातल्या ज्यांना नेहमीच्या ट्रीटमेंटसोबत सुरुवातीपासून पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे वेदना आणि त्रास कमी करणारी अशीच काळजी, मिळाली त्यांचं जगणं तर सुधारलंच, पण ते जगलेही जास्त, मध्यक (म्हणजे निम्मे पेशंट ज्याच्याहून जास्त जगले तो काळ) ८.९ महिन्यांऐवजी ११.६ महिने. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने दरवर्षी सुमारे ५.६८ कोटी लोकांना या सेवेची गरज असते आणि मिळते जेमतेम १४ टक्के लोकांना.

एवढी माणसं फक्त पगारी स्टाफमधून कुठून आणणार? व्हॉलंटियर म्हणजे वरवरची मदत असं समजू नका. १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू करणाऱ्या सिसिली साँडर्स स्वतः आधी मरणासन्न लोकांच्या एका संस्थेत व्हॉलंटियर म्हणूनच काम करायच्या. अमेरिकेत मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्याचे पैसे घेणाऱ्या हॉस्पिसला पेशंटसेवेच्या तासांच्या किमान ५ टक्के इतकं काम व्हॉलंटियरकडून करून घ्यावंच लागतं, तसा नियमच आहे. आणि केरळमध्ये तर आजूबाजूच्या साध्या लोकांनीच ट्रेनिंग घेऊन ही सेवा घरोघरी नेली.

घरातलं कुणी नुकतंच गेलं असेल तर मात्र लगेच येऊ नका, बऱ्याच ठिकाणी साधारण वर्षभर थांबायला सांगतात आणि ते बरोबर आहे. पेशंटजवळ बसवत नसेल तर गाडी चालवा, हिशोब बघा, एअर बेड नि व्हीलचेअर पोचवा, माणूस गेल्यावर त्या घरी फोन करत राहा. फक्त एकदा येऊन फोटो काढून जाणार असाल तर नका येऊ, कारण पुढच्या आठवड्यात ती बाई तुमची वाट बघत बसते.

संपादकसाहेब, तुम्हाला एकच विनंती. ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी हॉस्पिस दिन येतो तेव्हा एखादा लेख येतो आणि मग वर्षभर काही नाही. जवळच्या हॉस्पिसचे फोन नंबर, ट्रेनिंग कधी आहे, कुठल्या वारी माणसं कमी पडतात, एवढं आरोग्याच्या पानावर दर महिन्याला छापता आलं तर बघा. एक छोटी चौकट पुरेल.

आपली,
एक वाचक