काका, त्या वजनकाट्याबद्दल मनापासून आभार

आदरणीय काका,

तुम्हाला फोन करून दोन वाक्यांत आभार मानले असते, तर तुम्ही ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं असतंत. शिवाय मित्रांना घेऊन छोट्या विमानातून हौसेने उडणाऱ्या आणि उडू पाहणाऱ्या इतरांनीही हे वाचावं असं मला वाटतं. म्हणून हे उघड पत्र.

त्या सकाळी आम्ही चौघं विमान ठेवायच्या हँगरपाशी पोचलो तेव्हा कितीतरी महिन्यांचं ठरलेलं शेवटी जुळून आलं होतं. आमच्यातल्या एकाला नुकतंच खासगी वैमानिकाचं लायसन्स मिळालेलं, बाकी तिघांनी सुट्ट्या जुळवलेल्या. आकाश स्वच्छ, वारा धावपट्टीच्या रेषेतच. समोर चार सीटचं सेस्ना 172 उभं होतं. मी कॅमेरा गळ्यात अडकवून तयार होतो. आणि तुम्ही हँगरमधून वजनकाटा उचलून आणलात.

‘बुटांसकट या. बॅगा हातात घ्या,’ एवढंच म्हणालात. आमच्यातल्या एकाने लगेच सांगितलं, माझं 85 आहे. काट्यावर 92 भरलं. तुम्ही हसला नाहीत, टोमणाही मारला नाहीत. ‘सांगितलेलं वजन विमान उचलत नाही बाळा, खरं वजन उचलतं,’ म्हणालात आणि आकडा लिहून घेतलात.

लायसन्स मिळालेल्या माझ्या मित्राने आदल्या रात्री वजनाचा हिशोब केला होता, अगदी मन लावून. पण तो आम्ही तोंडी सांगितलेल्या वजनांवर आणि अर्ध्या भरलेल्या टाक्यांवर. प्रत्यक्षात आदल्या संध्याकाळी कुणीतरी टाक्या काठोकाठ भरून ठेवल्या होत्या. कमाल वजन 1,157 किलो, रिकामं विमान 767. उरले 390. त्यातले 144 किलो नुसतं इंधन. माणसं आणि सामान मिळून राहिले 246. आणि आम्ही चौघं बॅगांसकट भरलो 331. अर्धी टाकी असती तरी आम्ही जास्तच झालो असतो.

यानंतर तुम्ही जे केलंत त्याच्यासाठी खरं तर हे पत्र आहे. तुम्ही स्वतः ‘जाता येणार नाही’ म्हणू शकला असतात. तुमच्या वयाचा, अनुभवाचा मान राखून आम्ही ऐकलंही असतं. पण तुम्ही माझ्या मित्राला पंखाच्या पलीकडे नेलंत, कागद आणि पेन्सिल त्याच्या हातात दिलीत आणि बेरीज त्यालाच करायला लावलीत. मी पंखाच्या अलीकडच्या बाजूला उभा होतो, सगळं ऐकू येत होतं. बेरीज झाल्यावर तो गप्प झाला. तुम्ही म्हणालात, ‘आता हे मी नाही सांगणार. विमानाचा प्रमुख तू आहेस. तू सांग.’

तो आला. कागद हातात धरलेला, कानाच्या पाळ्या लाल. ‘तिघंच जाऊ शकतो. बॅगा खाली राहतील. एकाला थांबावं लागेल.’ आणि थांबायची पाळी माझ्यावर आली.

मी तेव्हा जे बोललो त्याची मला आजही खंत आहे. चार सीट कशाला दिल्यात मग, असं मी सगळ्यांसमोर विचारलं. 1956 पासून हे मॉडेल बनतंय, 44,000हून जास्त विमानं बनलीत, त्याला थोड्या जादा किलोंनी काय होणार आहे, असंही ऐकवलं. मित्राने मान खाली घातली, पण शब्द मागे घेतला नाही. त्याच्या पाठीशी तुम्ही उभे होतात म्हणूनच त्याला ते जमलं. परक्याला नाही म्हणता येतं. ज्यांच्यासोबत लहानाचे मोठे झालो, जे सुट्टी टाकून आलेत, त्यांच्या तोंडावर नाही म्हणणं फार कठीण. ते त्याला तुम्ही पहिल्याच वेळी शिकवलंत.

विमान निघालं तेव्हा तुम्ही मला एकट्याला कुढत बसू दिलं नाहीत. कुंपणापाशी नेलंत आणि म्हणालात, चाकं कुठे सुटतात ते बघ. धावपट्टीच्या कडेच्या पांढऱ्या खुणा मी मोजल्या. चाकं सुटली ती तिसऱ्या खुणेच्या थोडी पुढे. मग तुम्ही समजावलंत: वजन दहा टक्क्यांनी वाढलं तर विमानाला जमीन सोडून झाडाच्या उंचीवर जायला साधारण वीस टक्के जास्त अंतर लागतं, आणि ऊन चढलं की हवा विरळ होऊन त्यात आणखी भर पडते. मागच्या सीटवर आणि त्यामागे बॅगांचा भार पडला तर तोल मागे सरकतो, मग वेग फार कमी होऊन विमान पडू लागलं की नाक खाली आणणं अवघड होतं. हे सगळं तुम्ही एक काडी बोटावर आडवी तोलून दाखवलंत. काडीच्या मागच्या टोकाला गवताचं एक पातं अडकवलंत आणि ती कलंडली.

इंधनाचा नमुना घ्यायची ती पारदर्शक नळीही मला आठवते. पंखाखालच्या झडपेतून थोडं इंधन घेऊन तुम्ही ती आभाळाकडे धरलीत. फिकट निळा रंग. मग मुद्दाम त्यात साध्या पाण्याचे दोन थेंब टाकलेत. ते तळाशी जाऊन एकत्र आले, बिनरंगी मण्यासारखे. ‘इंधन लिटरला 720 ग्रॅम, पाणी किलोभर. म्हणून पाणी खाली बसतं, आणि इंधनही तळातूनच इंजिनकडे जातं.’ सकाळच्या हिशोबातल्या 144 किलोंमागेही हाच आकडा होता, हे मला तेव्हा कळलं. रिकाम्या टाकीत दमट हवा गार होऊन पाणी धरते, म्हणून रात्री टाक्या भरून ठेवतात, हेही तुम्हीच सांगितलंत. ज्याने आदल्या संध्याकाळी टाक्या भरल्या त्याच्यावरचा माझा राग तिथेच गेला.

चाळीस मिनिटांनी ते परतले. दुसऱ्या फेरीला मित्र आणि मी, दोघंच. निघण्यापूर्वी प्रत्येक झडपेतला नमुना मी स्वतः घेतला, तुम्ही फक्त शेजारी उभे राहिलात. वारा तसाच होता, विमान मात्र पहिल्या फेरीपेक्षा जवळपास 100 किलो हलकं. तिसरी खूण यायच्या आधीच चाकांची घरघर थांबली. नांगरलेल्या काळ्या रानावर आलो तसे धक्के बसू लागले, तापलेल्या जमिनीवरून हवा वर चढत होती. मित्र शांत होता. खाली आमची सावली बांध ओलांडत पळत होती. मी हेडसेटमधून त्याची माफी मागितली. त्याने ‘असू दे’ म्हटलं आणि लगेच डावीकडे कुणी विमान दिसतंय का ते बघायला सांगितलं.

काका, सकाळच्या त्या बोलण्याबद्दल तुमचीही माफी मागतो. आणि माझ्या मित्राला तुम्ही जे दिलंत त्याबद्दल आम्हा चौघांकडून मनापासून आभार. बेरजेचा तो कागद त्याने घडी करून उड्डाणांच्या नोंदीच्या लॉगबुकात ठेवलाय. पुढच्या वेळी आम्ही परत चौघं येतोय, दोन फेऱ्यांचं ठरवूनच. काटा बाहेर काढून ठेवा.

तुमचा,
त्या दिवशी कुंपणापाशी तुमच्याबरोबर थांबलेला चौथा