रात्रपाळीनंतर गाडी नको

चि. सायली हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

मी सुखरूप पोहोचलो. विशाल मुंबईला घ्यायला आला होता, त्यामुळे सामानाचा त्रास झाला नाही. मेपल सिरपची बाटलीही धड आली. आईने ती आधी देवापुढे ठेवली, मग काकूंना चमचाभर दिलं. काकू म्हणाल्या, ही तर काकवीच! मी म्हटलं, घाईने गिळू नका, जिभेवर राहू द्या, मग फरक कळेल.

कॅनडातल्या त्या एल्मायरा गावच्या मेपल सिरपच्या जत्रेचं सगळ्यांना तपशिलात सांगितलं. फक्त परतीच्या रस्त्याचं सांगितलं नाही. तुलाही ते लिहायचं नाही असं ठरवलंय.

तो दिवस मला फार आवडला, हे आधी सांगतो. गाव केवढंसं, पण २००० साली एका दिवसात ६६,५२९ माणसं आली म्हणून गिनीज बुकात गेलेलं. १९६५ पासून गावकरीच राबून ही जत्रा भरवतात आणि उरलेला पैसा धर्मादाय कामांना देतात, हे तू सांगितलंस तेव्हा आपल्या उरुसाची आठवण झाली. पॅनकेकच्या रांगेत पायांची बोटं बधिर झाली, पण तो गरम पॅनकेक आणि वरून ओतलेलं सिरप! जुन्या रीतीने राहणाऱ्या त्या मेनोनाइट पंथाच्या लोकांच्या काळ्या घोडागाड्या बघून तर मी रस्त्यातच थांबलो.

आणि ते सिरप शिजवायचं खोपट. आत शिरलो आणि गोड वाफ तोंडावर आली, तसे आप्पा डोळ्यांसमोर उभे राहिले. आपलं गुऱ्हाळाचं चुलवाण, आपली काहील, चिपाड सारणारा चुलव्या, मळी काढणारे हात. तिथे चुलीत लाकडं होती आणि पसरट कढईत रस उकळत होता, एवढाच फरक. सिरप शिजवणारा तो म्हातारा म्हणाला, मेपलच्या झाडाच्या चाळीस लिटर रसाचं एक लिटर सिरप होतं. माझा विश्वासच बसेना. आपल्याकडे टनभर उसाला शंभर किलोच्या आसपास गूळ पडतो आणि तरी आपण उताऱ्याच्या नावाने रडतो. त्या झाडाच्या रसात साखर जेमतेम दोन टक्के, बाकी सगळं पाणी जाळायचं. ते १०४ अंशांवर थांबतात, गुळाला आपण ११८ पर्यंत नेतो. पण शेवटच्या घटकेला नजर हलली की माल गेला, हे दोन्हीकडे सारखंच.

तू माझे प्रश्न त्याला इंग्रजीत विचारत होतीस आणि तो तुझ्याकडे बघून मन लावून उत्तरं देत होता. माझी पोर परमुलखात कशी ताठ उभी राहून बोलते, हे बघून मला काय वाटलं ते तोंडाने सांगता आलं नसतं, म्हणून इथे लिहितो.

मी मुद्दाम विचारायला लावलं, रस वाहतो तेव्हा झोपता कधी? रात्री गोठण आणि दिवसा ऊन असं असलं की रस सुटतो, मग थांबता येत नाही. तो म्हणाला, मी आणि मुलगा आळीपाळीने. एक जागा, एक निजलेला. सायली, ही रीत आहे. आप्पांनीही सलग दुसऱ्या रात्री कुणाला काहिलीजवळ उभं केलं नाही, दौलूमामाच्या हाताचं झाल्यापासून तर कधीच नाही.

आलोच बघ तिथे.

रात्रपाळी करून सकाळी घरी आलीस, अंघोळ केलीस आणि गाडी काढलीस. मी म्हटलं होतं, राहू दे, पण सोमवारी बाबा जाणार म्हणून तू ऐकलं नाहीस. येताना ४०१ हायवेवर ट्रकांच्या रांगेत चाकाखाली घर्रर्र आवाज आला. तू स्टिअरिंग सरळ केलंस आणि म्हणालीस, काही नाही बाबा. मी तुझ्याकडेच बघत होतो गं. तुझे डोळे मिटले होते. नंतर घरापर्यंत मी तुझ्याशी बोलत राहिलो, काय बोललो ते आठवत नाही.

पगार जास्त मिळतो, नव्या माणसाला अशीच पाळी मिळते, सगळं मला मान्य आहे. पण ते लोक मेपलचं खोड पंचवीस सेंटिमीटर जाड झाल्याशिवाय त्याला भोक पाडत नाहीत, आणि पुढच्या वर्षी जुन्या भोकाजवळ पुन्हा पाडत नाहीत. झाडाला एवढं जपतात आणि तू स्वतःला... असो. भाषण झालं. तू एकतीस वर्षांची आहेस, स्वतःच्या पैशाने गाडी घेतलीस, बर्फात चालवायला शिकलीस. मी तुला मोटरसायकल शिकवताना विहिरीच्या बांधावर तू ब्रेक न लावता वळण घेतलंस, तेव्हा मी ओरडलो आणि तू दोन दिवस बोलली नव्हतीस. तसं पुन्हा नको, म्हणून गाडीत गप्प बसलो. रागावू नकोस.

माझं एवढं ऐक. रात्रपाळीहून येताना बसने ये. वेळ लागू दे. आणि मोठ्या रस्त्यावर जायचं असेल तर आधी झोप, मग निघ. कुणी पाहुणा आला असेल तर तोही थांबेल.

घरचं ठीक. आईचा गुडघा तसाच आहे, नानांच्या वाटणीची तारीख पुन्हा पुढे गेली. आईने मेथीचे लाडू केलेत, विशालचा मित्र मेमध्ये येतोय त्याच्याबरोबर पाठवते.

रविवारी फोन करशील तेव्हा आई शेजारीच असेल, तिच्यासमोर गाडीचा विषय काढू नकोस. दिवसपाळीसाठी अर्ज देणार म्हणाली होतीस, तो दिलास का आणि ते काय म्हणाले, हे मात्र मला वेगळं कळव.

तुझे,
बाबा