कुलवृत्तांत कुलपातच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोकणातील अनेक घराण्यांनी आपले कुलवृत्तांत, म्हणजे घराण्याच्या इतिहासाचे व वंशावळीचे ग्रंथ, छापले. परंतु त्यांच्या प्रती मोजक्याच निघत, आणि आज त्या बहुधा एखाद्या जुन्या वाचनालयाच्या कपाटातच सापडतात. गेल्या मे महिन्यात गावी आलो असताना अशाच एका वाचनालयात आमच्या घराण्याचा वृत्तांत पाहायला मागितला, तेव्हा तो फक्त सभासदांना मिळतो आणि सभासदत्वासाठी स्थानिक रहिवासाचा पुरावा लागतो, असे सांगण्यात आले. कपाटाच्या काचेतून पुठ्ठ्यावरचे आमचे आडनाव मात्र स्वच्छ दिसत होते!

ग्रंथ मिळत नाही म्हणून मग भाऊबंदांकडे विचारणा करावी लागते, आणि तेथे लिहिण्याच्या रीती आड येतात. नात्यातील एका तरुणाने मला व्हॉट्सॲपवर ‘पणजोबांचे नाव व साल पाठवा’ एवढेच लिहिले. ना नमस्कार, ना स्वतःची ओळख. मी रागाने आठवडाभर उत्तर दिले नाही. पुढे कळले, की त्याच्यापाशी आमच्या सामाईक आगराच्या (बागेच्या) मोडी लिपीतील खरेदीखताचे छायाचित्र होते. त्याचीही तक्रार खोटी नव्हती: माझ्या संदेशात क्षेमकुशल, आंब्याचा हंगाम आणि पाऊस झाल्यावर अगदी शेवटी मुद्दा येतो, तोवर तो वाचणे सोडून देतो.

वाचनालयांनी असे ग्रंथ घरी देऊ नयेत, हे मान्य. परंतु बाहेरगावच्या वाचकाला ते तेथेच बसून पाहू द्यावेत आणि अल्प शुल्क घेऊन हव्या त्या पानांचे छायाचित्र काढू द्यावे, ही विनंती.

— एक वाचक, गुहागर