समुद्री कोळंबी विकताना तिचे पूर्ण नाव लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बेळगावात आता खाऱ्या पाण्याच्या टाक्या बऱ्याच घरांत दिसू लागल्या आहेत. पूर्वी गोल्डफिश आणि एंजलच्या पुढे सहसा कोणी जात नसे. आता टिळकवाडीत, हिंदवाडीत, निपाणीतल्या एका दवाखान्याच्या बाकासमोरसुद्धा निळ्या दिव्याखाली कोरल, म्हणजे प्रवाळ, डोलताना मी पाहिले आहे. टाकी स्थिरावली की पुढची हौस कोळंबीची असते. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे आणि घरी कोरलची टाकी सांभाळते. त्यामुळे ओळखीचे लोक कोळंबी घेण्याआधी मला फोटो पाठवतात. ते फोटो पाहूनच हे पत्र लिहायला बसले.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो ‘पेपरमिंट’चा. लाइव्ह रॉकबरोबर, म्हणजे समुद्री जीव चिकटलेल्या दगडाबरोबर, टाकीत आयप्टेशिया नावाचे छोटे, पारदर्शक, डंख मारणारे ॲनिमोन (फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी) येते. खरवडून काढावे तर राहिलेल्या कणातून पुन्हा उगवते आणि शेजारच्या कोरलला भाजून काढते. पेपरमिंट कोळंबी ते खाते, म्हणून तिला मागणी असते. तिचे शास्त्रीय नाव लिस्माटा वुर्डेमानी. मूळची ती अटलांटिकच्या पश्चिम किनाऱ्याकडची. आपल्याकडे मात्र या नावाखाली पुष्कळदा पिशवीतून येते ती कॅमल कोळंबी, ऱ्हिंकोसिनेटिस डर्बानेन्सिस. ती हिंदी आणि प्रशांत महासागरातली. दिसायला सुरेख, पण कोरलचे पॉलिप, म्हणजे ज्यांचे कोरल बनते ते छोटे जीव, खाणारी. मश्रूम आणि झोॲन्थस नावाचे टाकीतले जीव आणि मऊ कोरल तिच्या विशेष आवडीचे.

या दोघींतला फरक काचेबाहेरून स्पष्ट दिसतो. पेपरमिंटचे अंग जवळजवळ पारदर्शक असते आणि त्यावर लांबीच्या दिशेने बारीक तांबड्या रेघा असतात. कॅमलच्या तांबड्या रेघांच्या मध्ये पांढऱ्या रेघा आणि ठिपके असतात, पाठीला ठळक कुबड असते, डोळे मोठे असतात. तरीही शंका राहिली तर चोचीकडे, म्हणजे डोळ्यांच्या मधून पुढे आलेल्या टोकदार काट्याकडे, बघा. कॅमलची चोच बिजागरीवर बसवल्यासारखी वर-खाली होते. लिस्माटाच्या कुठल्याच जातीची चोच हलत नाही. दोन मिनिटे काचेपाशी थांबले की उलगडा होतो.

अनगोळच्या आमच्या एका परिचितांच्या टाकीत झोॲन्थसचा गालिचा दिवसेंदिवस आक्रसत चालला होता. त्यांनी दिवा बदलला, मीठ बदलले, पाण्याच्या चाचण्या पुन्हा पुन्हा केल्या. पाण्यात दोष काहीच नव्हता. शेवटी टॉर्चला लाल जिलेटिन लावून मध्यरात्री पाहिले, कारण लाल उजेडाने कोळंबी बिचकत नाही. ‘पेपरमिंट’ म्हणून विकत घेतलेल्या तीन कॅमल त्या गालिच्यावर बसून पॉलिप खुडत होत्या. दुकानदाराने मुद्दाम फसवले असे मी म्हणणार नाही. वरून पिशवीवर जे लिहून आले, तेच त्याने पुढे सांगितले. पण नुकसान झाले ते झालेच, आणि वाढायला वर्ष लागलेले कोरल पैसे परत मिळाल्याने उगवत नाही.

कोरलबरोबर निर्धास्त ठेवावी अशी कोळंबी म्हणजे स्कंक क्लीनर, लिस्माटा ॲम्बोइनेन्सिस. पाठीवर दोन तांबडे पट्टे, मध्ये एक पांढरा, आणि लांब पांढऱ्या मिशा. ती दगडाच्या कडेवर बसून मिशा हलवते, मासे तिच्यापुढे येऊन थांबतात आणि ती त्यांच्या अंगावरचे किडे, मेलेली कातडी वेचते. हे रोज पाहूनही मला पुरेसे होत नाही. तिची एकच खोड आहे: मोठ्या तोंडाच्या कोरलला आपण खाणे भरवले की ती वर चढून ते ओढून काढते. तिला आधी खायला दिले की प्रश्न मिटतो. या कोळंब्या वयात आल्यावर नर-मादी दोन्ही असतात, त्यामुळे कुठल्याही दोन आणल्या तरी दोघींच्या पोटाखाली हिरवट अंडी दिसू लागतात. पिल्ले मात्र घरच्या टाकीत जगत नाहीत. ती मोठी व्हायला महिने लागतात, म्हणूनच बाजारातल्या बहुतेक क्लीनर समुद्रातून धरून आणलेल्या असतात. घरी मेलेल्या क्लीनरची जागा भरायला पुन्हा समुद्रातूनच एक धरली जाते, हे मला सहन होत नाही.

गडद लाल, पांढऱ्या ठिपक्यांची ब्लड कोळंबीही चालते, फक्त ती लाजाळू आहे आणि दिवसा कमी दिसते. तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांची, लांब नांग्यांची बॉक्सर, म्हणजे स्टेनोपस हिस्पिडस, कोरलला हात लावत नाही, पण इतर कोळंब्यांना मारते. ती एकटीच ठेवावी, नाहीतर जमलेली जोडी. हार्लेक्विन मात्र हात जोडून सांगते, घेऊ नका. ती फक्त तारामासा खाते. खेड्यापाड्यांतून नियमाने तारामासे कुठून आणणार? ती उपाशी मरते, हळूहळू.

जात बरोबर निवडली तरी पहिल्याच दिवशी कोळंबी दगावते, याचे मोठे कारण मीठ. मीठ वाचावे आणि माशांवरचे परजीवी कमी व्हावेत म्हणून दुकानांत पाणी बऱ्याचदा पातळ, म्हणजे कमी खारट, ठेवतात, विशिष्ट गुरुत्व १.०१८ ते १.०२० (मीठ जितके जास्त तितका हा आकडा मोठा). कोरलच्या टाकीत ते १.०२५ च्या आसपास असते. मासा एवढा फरक काही वेळा सोसतो, कोळंबी सोसत नाही. पिशवीतले पाणी रिफ्रॅक्टोमीटरने, म्हणजे खारेपणा मोजायच्या उपकरणाने, मोजा आणि फरक असेल तर बारीक नळीने थेंब थेंब टाकीचे पाणी सोडत दोन तास घालवा. पिशवी तरंगत ठेवून पंधरा मिनिटांत सोडून देणे हे गोड्या पाण्यातल्या माशांचे शास्त्र झाले.

दुसरे कारण तांबे. अथणीकडच्या द्राक्षबागायतदारांना मोरचूद, म्हणजे तांब्याचे क्षार, चांगले माहीत आहे. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवरच्या पुष्कळ औषधांत तेच तांबे असते. मासा बरा होतो, कोळंबी मरते, कोरलही टिकत नाही. औषध द्यायचे ते वेगळ्या टाकीत. राकसकोप धरणाचे असो वा बोअरचे, नळाचे पाणी थेट वापरू नका, आरओचेच घ्या, आणि वाटेत पितळी तोटी नको. एके सकाळी टाकीत कोळंबी निश्चल पडलेली दिसली तर घाबरून औषध ओतण्याआधी नीट पाहा. ती बहुधा टाकलेली कात असते आणि मऊ अंगाची कोळंबी दगडाआड लपलेली असते.

आमच्या लॅबमध्ये नाव नसलेली बाटली तपासणीला पुढे जात नाही. दुकानातल्या जिवंत प्राण्यालाही तेवढाच नियम लावायला काय हरकत आहे? टाकीवर नाव मराठीत लिहा, कन्नडमध्ये लिहा, तो वाद मला इथे नको. खाली शास्त्रीय नाव लिहा आणि पाण्याचे विशिष्ट गुरुत्व लिहा. दुकानदाराला यात खर्च फक्त खडूचा.

कोरलबद्दलही बोलायला हवे. दगडी कोरल, काळे कोरल, समुद्रपंखे हे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मालवणला सुट्टीत जाणारे आपले लोक किनाऱ्यावरचा तुकडा आठवण म्हणून, टाकीत शोभा म्हणून उचलून आणतात. मेलेला असला तरी तो उचलायचा नाही. तिथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. विकत घेतानाही कोरल कुठून आले याचे कागद मागा. कागद नसतील तर घेऊ नका.

आपल्या रविवारच्या पुरवणीत पेपरमिंट आणि कॅमल यांची रंगीत छायाचित्रे शेजारी शेजारी छापता आली तर फार बरे होईल. कात्रण काढून दुकानात नेता येईल.

आपली,
एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव